घरच्या प्रिंटरवर फोटोचे रंग जुळवायचे कसे

घरी फोटो छापायला सुरुवात केली की पहिली तक्रार बहुतेकांची एकच असते: स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट आला. मागोमाग दुसरी, चेहरे लालसर आले. मग फोटो पुन्हा उघडायचा, उजेड वाढवायचा, लाल कमी करायचा आणि परत छापायचा. चार-पाच कागद वाया घालवून तो एक फोटो कसाबसा जमतो, आणि पुढच्या फोटोला सगळं पहिल्यापासून सुरू. असं होतं कारण दोष फोटोत नसतोच. तो स्क्रीनमध्ये असतो, ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये असतो, नाहीतर कागदात. म्हणून फोटोला हात लावायच्या आधी बाकी सगळं एका ठरावीक क्रमाने तपासून घ्यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पुढची माहिती टाकीवाल्या सहा रंगांच्या इंकजेट प्रिंटरला धरून दिली आहे. एप्सनच्या एल८०५ आणि एल८०५०मध्ये नेहमीच्या चार शाईंसोबत (सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी आणि काळी) फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा असते. कॅननच्या जी५७० आणि जी६७०मध्ये त्याऐवजी लाल आणि करडी शाई असते. ऑफिसकामाचा चार शाईंचा प्रिंटर असेल तरी कृती तीच, फक्त चेहऱ्याच्या फिक्या छटांमध्ये थोडे दाणे दिसणार हे धरून चाला.

आधी नोझल चेक

साध्या कागदावर नोझल चेक छापा, म्हणजे शाईची सगळी बारीक छिद्रं (नोझल) मोकळी आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना. एखादी रेघ तुटलेली असेल तर पुढचं काहीच करू नका, कारण एक शाई कमी पडत असताना केलेली रंगदुरुस्ती फुकट जाते. कोणती शाई अडली आहे हे प्रिंटकडे बघूनही ओळखता येतं. सायन कमी पडली तर सगळा फोटो लालसर होतो, मॅजेंटा कमी पडली तर हिरवट, पिवळी कमी पडली तर निळसर.

हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडची प्रिंटरने स्वतः केलेली सफाई, लागोपाठ दोन-तीनदा करा, त्याहून जास्त नको. तरी रेघा तुटलेल्याच राहिल्या तर प्रिंटर सहा-बारा तास तसाच ठेवा आणि मग पुन्हा चेक काढा. अडकलेली हवा आणि सुकलेली शाई पुष्कळदा तेवढ्यानेच सुटते. उगाच क्लीनिंग करत बसलं की शाई वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जाऊन तो लवकर भरतो.

जत-आटपाडीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल लवकर सुकतात. तिथे आठवड्याला एक लहानसा रंगीत प्रिंट काढत राहणं हाच उपाय. आणि प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचं बटण आधी बंद केलं किंवा मध्येच लाइट गेली तर हेड टोपीखाली न जाता उघडं राहतं. लाइट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करायला विसरू नका.

स्क्रीनचा उजेड: बहुतेक काळपट प्रिंटचं कारण

लॅपटॉपची स्क्रीन दुकानातून येते तशी फार प्रखर असते, २५० ते ३०० कँडेला (दर चौरस मीटरला, उजळपणाचं माप) किंवा त्याहूनही वर. कागद स्वतः उजळत नाही. खोलीतला जेवढा प्रकाश त्याच्यावर पडेल तेवढाच तो परत फेकतो. ४०० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं माप) उजेडात धरलेला पांढरा कागद साधारण ११५ कँडेला इतकाच उजळ असतो. म्हणजे स्क्रीन कागदाच्या दुप्पट-अडीचपट प्रखर. अशा स्क्रीनवर बघून फोटो 'बरोबर' केला की तो मुळातच अंधारा केलेला असतो, आणि प्रिंटर इमानदारीने अंधाराच छापतो.

छपाईच्या कामासाठी स्क्रीन ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान हवी, पांढरा बिंदू (पांढरा किती निळसर किंवा पिवळसर दिसावा ते) ६५०० केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) २.२. मोजायला यंत्र नसेल तर असं करा:

१. दिवसा खिडकीजवळ बसा, पण स्क्रीनवर थेट ऊन किंवा झळाळी येऊ देऊ नका.
२. विंडोजची नाइट लाइट, आपोआप बदलणारी ब्राइटनेस आणि लॅपटॉप कंपनीचा 'व्हिविड' मोड, सगळं बंद करा.
३. स्क्रीनवर कोरी पांढरी फाइल पूर्ण पसरवा. शेजारी, स्क्रीनच्याच सरळ रेषेत, फोटोपेपरचा कोरा तुकडा धरा.
४. दोन्ही सारखेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा.

पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. डोळे सरावतात. बहुतेक लॅपटॉपवर हा आकडा तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो, पण दुसऱ्याचा आकडा घेऊन चालत नाही, कारण प्रत्येक पॅनल वेगळं असतं.

यंत्र घ्यायचं असेल तर डेटाकलरचं स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं डिस्प्ले मालिकेतलं घ्यावं. ते स्क्रीनवर पडणारे रंगांचे चौकोन मोजतं आणि त्या स्क्रीनची प्रोफाइल, म्हणजे ती कोणता रंग कसा दाखवते याची नोंद असलेली फाइल, बनवतं. स्क्रीन किमान अर्धा तास चालू असली पाहिजे, आणि महिन्या-दीड महिन्याने मापन पुन्हा करावं लागतं. यंत्र महिन्यातून एकदाच लागत असल्यामुळे गावातल्या चार-पाच फोटोग्राफरांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं. एकट्याने एवढा खर्च करण्यापूर्वी मात्र स्क्रीन त्या लायकीची आहे का ते बघा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. ती स्क्रीन एसआरजीबीचे (मोबाइल, वेब आणि बहुतेक कॅमेरे वापरतात त्या प्रमाण रंगसंचाचे) जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवते. मान जरा वरखाली केली की रंग बदलत असतील तर यंत्राला काहीच करता येणार नाही. त्या पैशात बाहेरचा आयपीएस मॉनिटर (बाजूने बघितलं तरी ज्याचे रंग फारसे बदलत नाहीत असा) घेतलेला बरा.

प्रिंट बघायचा उजेड

घरात सर्रास लागणारे 'कूल डेलाइट' एलईडी ६५०० केल्विनचे असतात, त्यांच्याखाली प्रिंट निळसर दिसतो. पिवळ्या बल्बखाली तोच प्रिंट ऊबदार आणि चेहरे गोरेपान. छपाईच्या व्यवसायात प्रिंट तपासायला ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानला आहे. घरी दोन पर्याय आहेत: उत्तरेकडच्या खिडकीतला, ऊन नसलेला दिवसाचा उजेड, किंवा ५००० केल्विनचा, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचा एलईडी. केल्विन आणि सीआरआय हे दोन्ही आकडे खोक्यावर छापलेले असतात. हिरव्या किंवा गुलाबी रंग दिलेल्या भिंतीजवळ प्रिंट तपासू नका, त्या भिंतीची झाक कागदावर उतरते.

कागद: पाकिटावरचं नाव आणि ड्रायव्हरमधलं नाव

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेत काय, स्टेशनरीच्या दुकानात 'ग्लॉसी फोटो पेपर १८० जीएसएम' (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅम) म्हणून मिळणारं पाकीट बहुतेक वेळा कास्ट कोटेड, म्हणजे साध्या कागदावर चकचकीत लेप दिलेलं, असतं. सरावाला ठीक. पण त्यावर काळा रंग खोल येत नाही आणि जास्त शाई पडली की कागद वेडावाकडा होतो. अल्बमला किंवा फ्रेमला द्यायचे फोटो २४० ते २७० जीएसएमच्या आरसी, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर काढावेत. मॅट कागद हाताळायला सुंदर, पण त्याचा काळा हा मुळात गडद करडाच असतो. चांगल्या स्क्रीनवर पांढऱ्या-काळ्यातलं अंतर हजारास एक असतं; ग्लॉसीवर ते दीडशे-दोनशेस एक आणि मॅटवर चाळीस-पन्नासास एक इतकंच उरतं. ही उणीव कुठल्याही सेटिंगने भरून येणार नाही.

छापायची बाजू ओळखता येत नसेल तर जरासं ओलं बोट कोपऱ्यावर दाबा. बोट चिकटेल ती कोटिंगची बाजू.

ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार म्हणजे नुसतं नाव नाही. किती शाई टाकायची आणि कोणत्या शाई वापरायच्या ते त्यावरून ठरतं. 'प्लेन पेपर' ठेवून ग्लॉसीवर छापलं तर फोटो फिका आणि दाणेदार येतो. उलट, हलक्या कागदाला 'प्रीमियम ग्लॉसी' किंवा 'अल्ट्रा ग्लॉसी' दिलं तर गडद भागात शाईची डबकी होतात आणि रेघा फिसकटतात. दुसऱ्या कंपनीच्या कागदासाठी पाकिटात किंवा कंपनीच्या साइटवर कोणता प्रकार निवडायचा ते दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर दोन-तीन प्रकारांवर एकच लहान फोटो छापा. ज्यावर काळा सर्वांत खोल, तरीही कोरडा आणि सुटसुटीत आला, तो प्रकार कायमचा ठरवून टाका.

शाई, कागद आणि ड्रायव्हरमधला प्रकार ही तिन्ही मिळून एक जोडणी आहे. यातलं एक बदललं की रंगांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. टाकीत कंपनीची शाई अर्धी असताना वर स्वस्तातली कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीने त्याच प्रिंटरसाठी बनवलेली) शाई ओतली, की दर आठवड्याला मिश्रणाचं प्रमाण बदलत जातं. कंपॅटिबल वापरायचीच असेल तर एकाच कंपनीची, सहाही रंगांची आणि कायम तीच वापरा.

रंग बदलणारा एकच हवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा. फाइलमधले आकडे प्रिंटरच्या शाईत बदलताना मध्ये रंगांचं रूपांतर करावं लागतं. ते एक तर फोटोशॉपसारखा प्रोग्राम करतो, किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर. दोघांनीही केलं तर रंग दोनदा सरकतात. चेहरे लालसर-जांभळट होतात आणि सावल्या घट्ट बसतात. दोघांनीही केलं नाही तर फोटो निस्तेज येतो किंवा भलतीच झाक घेतो.

त्याआधी एक अट. विंडोज पुष्कळदा प्रिंटर जोडल्याबरोबर स्वतःचाच तोकडा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं, मॅकवर एअरप्रिंट बसतं. या दोन्हींत रंगांची पूर्ण सेटिंग दिसतच नाहीत. कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घ्या. मोबाइल अ‍ॅपमधून थेट छापण्यातही रंगांवर ताबा राहत नाही.

*पहिला मार्ग, कागदाची आयसीसी प्रोफाइल हातात असेल तर.* आपला प्रिंटर आणि तोच कागद यांच्यासाठी बनवलेली प्रोफाइल कागद कंपनीच्या साइटवर मिळते का ते आधी बघा. ती मूळ शाई धरून बनवलेली असते. टाकीत कंपॅटिबल शाई असेल तर निरुपयोगी. फाइल उतरवून तिच्यावर राइट क्लिक करा आणि 'इन्स्टॉल प्रोफाइल' निवडा. फोटोशॉप आधीच चालू असेल तर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर यादीत नाव दिसणार नाही. मग:

– प्रिंटच्या खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा आणि खाली प्रोफाइलचं नाव द्या.
– रेंडरिंग इंटेंट (शाईत न बसणाऱ्या रंगांचं काय करायचं ते) 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक', आणि 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन'वर टिक.
– त्याच खिडकीतून प्रिंटरची सेटिंग उघडा. एप्सनमध्ये 'मोअर ऑप्शन्स' टॅबवर कलर करेक्शन 'कस्टम' करून 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडा आणि 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' निवडा. कॅननमध्ये रंगाची सेटिंग 'मॅन्युअल' करून 'मॅचिंग' टॅबवर 'नन'.
– कागदाचा प्रकार प्रोफाइलसोबतच्या सूचनेत लिहिलेला असेल तोच.

तिसरी पायरी राहिली की दुहेरी रूपांतर झालंच म्हणून समजा. ही सेटिंग एकदा लावली की ड्रायव्हरमध्ये कागदाच्या नावाने प्रीसेट करून ठेवा, म्हणजे दर वेळी शोधाशोध नको. जिम्प हा मोफत प्रोग्राम वापरणाऱ्यांनी फोटोची प्रत काढून 'इमेज' मेनूतल्या 'कलर मॅनेजमेंट'मधून ती प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये बदलावी आणि ड्रायव्हरमध्ये रंग बंद ठेवून छापावी. ती प्रत फक्त छपाईपुरती. कोणाला पाठवायची नाही.

*दुसरा मार्ग, प्रोफाइल नसेल तर.* दुकानातल्या बिननावाच्या कागदावर छापणाऱ्यांना हाच मार्ग. प्रोग्राममध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स', ड्रायव्हरमध्ये 'कलर कंट्रोल्स' आणि त्यात 'एप्सन स्टँडर्ड' किंवा एसआरजीबी. 'फोटो एन्हान्स'सारखी आपोआप सुधारणा बंद ठेवा. ती चालू असेल तर प्रत्येक फोटोत वेगळाच बदल होतो आणि कुठलीही दुरुस्ती कायमची ठरवता येत नाही. फाइल एसआरजीबीमध्येच असावी.

फाइल कोणत्या रंगांत द्यायची

डीटीपी करून आलेल्या, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं केलेल्या हातांना कोरलड्रॉ आणि सीएमवायकेची (रंग चार शाईंच्या प्रमाणात मांडायची पद्धत; स्क्रीनची लाल-हिरवा-निळा पद्धत ती आरजीबी) सवय असते. घरच्या इंकजेटला फोटो सीएमवायके करून देऊ नका. ड्रायव्हर आरजीबीच घेतो आणि शाईची वाटणी स्वतः करतो. तुम्ही आधी सीएमवायके केलंत तर ते परत आरजीबी होऊनच आत जातं, आणि ऑफसेटच्या शाईत न बसणारे रंग वाटेत कापले गेलेले असतात.

प्रोफाइल नसताना अ‍ॅडोबी आरजीबीतला (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगसंचातला) फोटो दिला आणि मधल्या प्रोग्रामने तो एसआरजीबी समजून घेतला, तर रंग उडाल्यासारखे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायचा असेल तर पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एरवी तो आकाराने कापलेला आणि दाबलेला असतो. चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ए४ ला २४८० बाय ३५०८.

चाचणीची पट्टी

चार बाय सहाच्या एका कागदावर हे सगळं बसवा: करड्या रंगाचे ११ चौकोन, तिन्ही आकडे सारखे ठेवून ० पासून २५-२५ ने वाढवत २५० पर्यंत; एक सावळा आणि एक गोरा चेहरा; एखादं गडद लाल कापड, हिरवं पान, निळं आकाश. ही फाइल कायम जपून ठेवा आणि तिच्यात कधीच बदल करू नका.

छापल्यावर आधी करडे चौकोन बघा, चेहरे नंतर. चेहऱ्याला डोळा पटकन माफ करतो, करड्याला करत नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचे फोटो म्हणूनच छापायला कठीण: काळ्या दगडात हिरवट किंवा जांभळट झाक जराशी आली तरी लगेच खुपते. सगळे चौकोन एकाच बाजूला झुकलेले असतील तर दोष कागद-शाईच्या जोडणीत आहे. गडद चौकोन तेवढे झुकलेले असतील तर कागदाचा प्रकार बदलून बघा. खिडकीत सरळ आणि ट्यूबखाली हिरवट दिसत असतील तर दोष उजेडाचा, प्रिंटला हात लावू नका. ० आणि २५ चे चौकोन एकत्र मिसळून गेले असतील तर शाई जास्त पडते आहे.

दुसऱ्या मार्गाने छापणाऱ्यांनी झाक काढायला ड्रायव्हरमधल्या सायन, मॅजेंटा, पिवळ्याच्या पट्ट्या दोन-तीन अंकांनीच हलवाव्यात. उजेडासाठी एका कागदावर त्याच फोटोच्या चार लहान प्रती घ्या: पहिली मूळ, बाकीच्यांत कर्व्हचा (फोटोशॉपमधल्या उजेड कमी-जास्त करायच्या वक्ररेषेचा) मधला बिंदू ८, १६ आणि २४ ने वर उचललेला. खिडकीशी नेऊन चांगली निवडा. तो कर्व्ह कागदाच्या नावाने जतन करा आणि त्या कागदावर छापायच्या प्रत्येक फोटोच्या सगळ्यात वरच्या थरात टाका. मूळ फोटो जसाच्या तसा राहतो.

इतकं करूनही समाधान होत नसेल तर कागदाची स्वतःची प्रोफाइल बनवून घ्यावी. त्यासाठी शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता रंग-रूपांतर पूर्ण बंद ठेवून छापावा लागतो. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ती सोय आता नाही. अ‍ॅडोबीची मोफत 'कलर प्रिंटर युटिलिटी' त्यासाठीच आहे. तक्ता २४ तास वाळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे कागदावरचे रंग मोजणाऱ्या यंत्राने, मोजतात. स्क्रीन मोजायचं यंत्र इथे चालत नाही, घेताना पुष्कळांची गफलत होते. यंत्र मिळालं तर आर्गिल सीएमएस हा मोफत प्रोग्राम प्रोफाइल बनवून देतो.

शाईत न बसणारे रंग

सप्टेंबरात कासच्या पठारावर काढलेल्या फोटोंत तेरड्याचा गुलाबी चांगला छापतो, मॅजेंटा शाईच्या तो जवळचा आहे. सीतेची आसवं ही निळी-जांभळी रानफुलं मात्र फसवतात. स्क्रीनवरचा तो निळा-जांभळा शाईच्या आवाक्याबाहेर असतो, कागदावर मंद होतो किंवा सरळ जांभळ्याकडे जातो. फोटोशॉपमध्ये प्रिंटरची प्रोफाइल देऊन 'प्रूफ कलर्स' चालू केलं की हे छापण्याआधीच दिसतं. 'रिलेटिव्ह' बाहेरचे रंग काठावर आणून बसवतं आणि आतले तसेच ठेवतं. 'पर्सेप्च्युअल' सगळ्याच रंगांना थोडं आत ओढतं. पाकळ्यांवरच्या छटा सपाट होत असतील तर अशा फोटोला 'पर्सेप्च्युअल' द्या. चेहऱ्यांना 'रिलेटिव्ह'च बरं.

हळदीचं उलट. पिवळा छापण्यात इंकजेट तरबेज आहे, ग्लॉसीवर तो एसआरजीबीच्याही थोडा बाहेर जातो. पण सांगलीच्या बाजारातल्या हळदीच्या ढिगाचा किंवा हळदीच्या कार्यक्रमाचा फोटो मोबाइलने आधीच इतका भडक केलेला असतो की लाल आणि हिरव्याचे आकडे २५५ ला टेकलेले असतात. मग ढिगाचा पोत जातो आणि कागदावर नुसता पिवळा ठिगळ उमटतो. हिस्टोग्राम (फोटोत कोणत्या उजेडाचे किती बिंदू आहेत त्याचा आलेख) बघून पिवळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, १० ते १५ ने खाली आणा, दाणा परत दिसायला लागतो. जिथे आकडे पूर्ण टेकले आहेत तिथे मात्र काही मिळणार नाही.

वाळवणं

छापल्याबरोबर रंगाचा निकाल देऊ नका. डाय शाई (वर सांगितलेल्या प्रिंटरांत असते ती, पाण्यात विरघळलेल्या रंगाची) पंधरा मिनिटांत हाताला कोरडी लागते, पण रंग स्थिर व्हायला २४ तास घेते, आणि गडद भाग त्या वेळात थोडे बदलतात. तोवर प्रिंट एकावर एक ठेवू नयेत, लॅमिनेट करू नयेत, काचेमागे घालू नयेत. उरलेला ओलावा काचेच्या आतून धुक्यासारखा जमतो.

साताऱ्यात जून ते सप्टेंबर, त्यातही मेढा-महाबळेश्वरच्या बाजूला, हे २४ तास पुरत नाहीत. पंखा लावलेल्या खोलीत दोन दिवस द्या. कागदाचं पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवा आणि लागेल तेवढाच कागद बाहेर काढा. दमट कागद कडांना उचलला जातो, हेड घासतं आणि काळे ओरखडे पडतात. पावसाळ्यात अशा कागदावर चाचणीची पट्टीही बदललेली येईल. तेव्हा ड्रायव्हरच्या पट्ट्या हलवण्याआधी नव्या पाकिटातल्या कागदावर तीच पट्टी एकदा छापून बघा.